वैद्यबुवांनी संपवलेले लोणचे

पूर्वी एक वृद्ध वैद्य घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका बाजारपेठेच्या गावी आपल्या शिष्यासह राहत असत. गाव त्यांना वैद्यबुवा म्हणे. शिष्याचे नाव नीळकंठ. हा नीळकंठ मोठा बुद्धिमान, त्याहून मोठा काटेकोर. त्याने कुटलेले चूर्ण पुन्हा चाळावे लागत नसे. त्याने फोडलेल्या हिरड्याचे तुकडे एकमेकांची जुळी भावंडे वाटत. वैद्यबुवांना त्याचे कौतुक होते. थोडी काळजीही होती. ती कशाची, हे मात्र त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते.

उन्हाळा सरत आला असता एके सकाळी गावातील मसाल्यांचे व्यापारी त्यांच्या दारी आले. मनुष्य प्रतिष्ठित, घर भरलेले. त्यांच्या कोठारावरून नुसते चालत गेले तरी लवंग-दालचिनीच्या वासाने भूक लागावी. पण त्या दिवशी ते पायरीवर मटकन बसले आणि म्हणाले, "वैद्यबुवा, आमची भामा काही खात नाही हो."

भामा ही त्यांची एकुलती एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची. मध्यंतरी तिला मोठा ताप येऊन गेला होता. वैद्यबुवांच्याच औषधाने तो उतरला. पण तापाबरोबर तिच्या तोंडाची चवही गेली ती परतलीच नाही. समोर काही ठेवले की ती मान फिरवी. फार आग्रह केला तर एखादा घास घेई आणि गालात धरून ठेवी. अंगावरचे परकर-पोलके आता दुसऱ्या कुणाचे मागून आणल्यासारखे दिसू लागले होते.

वैद्यबुवा नीळकंठाला घेऊन लगोलग गेले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिले. सगळे ठीक होते. मग ते म्हणाले, "हिच्या जेवणाची वेळ झाली का? होऊ द्या. आम्ही बसतो."

पेजेची वाटी आली. आई वाटी घेऊन पुढ्यात बसली, आत्या पंखा घेऊन बाजूला बसली आणि व्यापारी दारात उभे राहिले. "हा चिऊचा हं, राणी," आई म्हणाली. "एवढा घे. माझ्यासाठी घे. बाबांसाठी घे." चमचा पुढे आला की तिघांच्याही माना त्याच्याबरोबर पुढे येत. मुलीने तोंड उघडले की तिघांचीही तोंडे नकळत उघडत, तिने मिटले की तिघेही उसासा सोडत. भामा मात्र खिडकीबाहेर बघत होती. बाहेर शेजारची मुले चिंचेच्या सावलीत लगोऱ्या खेळत होती.

वैद्यबुवांनी हे सारे शांतपणे पाहिले आणि ते उठले. वाटेत नीळकंठाने विचारले, "गुरुजी, कोणतं औषध काढू?"

"ते तू ठरव," वैद्यबुवा म्हणाले. "ही रुग्ण तुझी."

नीळकंठाची पावले जागच्या जागी थांबली. आजवर गुरूंनी त्याच्या हाती औषधे दिली होती, रुग्ण कधी दिला नव्हता. तो दुपारभर विचार करत बसला. कडू काढे देऊन झाले होते. आल्याचा रस, जिरे, सैंधव, सारे झाले होते. संध्याकाळी तो म्हणाला, "गुरुजी, जिभेला जे आपण होऊन हवंसं वाटेल असं काही द्यायला हवं. गोड, आंबट, रंगीत."

"तुला लहानपणी काय हवंसं वाटायचं?"

या प्रश्नाची नीळकंठाला अपेक्षा नव्हती. तो जरा लाजला. "माझी मावशी रातांब्याच्या गोड रसात काकडीच्या फोडी मुरवायची. लोणचंच ते, पण गोड. आम्ही पोरं जेवणाची वाट न पाहता दुपारी नुसतंच खायचो. ओठ लाल व्हायचे."

"मग ते कर," वैद्यबुवा म्हणाले, आणि त्यांचे डोळे चमकले. "भरपूर कर."

दुसऱ्या दिवशी नीळकंठाने कोवळ्या काकड्या आणल्या. त्यांच्या बोटाएवढ्या फोडी केल्या, सगळ्या सारख्या. त्यांना मीठ चोळून पाणी सुटू दिले, मग त्या स्वच्छ फडक्यात घट्ट पिळून घेतल्या. खडीसाखरेचा पाक केला आणि तो तीन भांड्यांत वाटला. एकात रातांब्याचा रस, एकात पिकल्या जांभळांचा, एकात अननसाचा. पाक निवल्यावर त्यात लिंबू पिळले, आल्याच्या चकत्या आणि दालचिनीचा एकेक तुकडा घातला. फोडी तीन छोट्या बरण्यांत भरून वरून ते रस ओतले. लाल, जांभळी, पिवळी अशा तीन बरण्या खिडकीत ओळीने उभ्या राहिल्या आणि सकाळचे ऊन त्यांतून आरपार गेले, तेव्हा त्या औषधशाळेच्या काळपट भिंतीवर जत्रा भरल्यासारखी वाटली.

नीळकंठ दिवसातून कितीदा तरी बरण्या हलवून पाही. काम करता करता आपण गुणगुणतो आहोत, हे त्याला स्वतःलाही कळत नव्हते. एकदा तो विहिरीवरून आला तर वैद्यबुवा बरणीचे फडके सोडत होते.

"गुरुजी! ते औषध आहे."

"औषध का? मला खाऊ वाटला," असे म्हणून वैद्यबुवांनी निमूटपणे फडके बांधून टाकले.

फोडी मुरल्या. कुरकुरीतपणा तर राहिला, पण पांढरेपणा जाऊन आतपर्यंत रंग उतरला. नीळकंठाने बरण्या टोपलीत घातल्या आणि गुरुशिष्य व्यापाऱ्यांच्या घरी निघाले. चालताना नीळकंठाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होते: भामेने पहिली फोड तोंडात टाकली आहे आणि तिचे डोळे मोठे झाले आहेत.

घरात सारे तयारच होते. भामा झोपाळ्यावर बसली होती. आईने चांदीची वाटी पुढे केली, आत्याने पंखा उचलला, व्यापारी दारात येऊन उभे राहिले. नीळकंठ जांभळाची बरणी उघडू लागला, तोच वैद्यबुवांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"थांबा," ते म्हणाले. "हे हिच्यासाठी नाही. हे माझं आहे."

आणि ते झोपाळ्यावर भामेच्या शेजारी बसले, त्यांनी फडके सोडले आणि एक फोड तोंडात टाकली. कर्रकन आवाज झाला. त्यांनी डोळे मिटले. मग दुसरी टाकली. मग तिसरी. कुणाला विचारले नाही, कुणापुढे बरणी धरली नाही.

घरात फक्त काकडी चावल्याचा आवाज येत होता. व्यापाऱ्यांनी नीळकंठाकडे पाहिले. नीळकंठाने मान खाली घातली. गुरूंचे वय झाले, असे त्याच्या मनात आले. त्या विचाराचीच त्याला लाज वाटली. पण दुसरे काय समजावे? एक आजारी मूल समोर बसले आहे, त्याच्यासाठी आपण जीव ओतून केलेले औषध हा विद्वान माणूस मिटक्या मारत संपवतो आहे!

जांभळाची बरणी संपली. वैद्यबुवांनी रातांब्याची घेतली.

"आजोबा," भामा हळूच म्हणाली. कित्येक दिवसांत ती आपण होऊन बोलली नव्हती. "तुम्ही सगळं खाणार?"

"हो तर."

"पोट दुखेल ना."

"दुखू दे." त्यांनी तिच्याकडे वळून जीभ बाहेर काढली. "कशी दिसते गं?"

जीभ गर्द जांभळी झाली होती आणि पांढऱ्या दाढीवर एक लाल ओघळ आला होता. भामेच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. ती हसत होती. आई काही बोलणार तोच वैद्यबुवांनी तिच्याकडे न पाहताच तिला हाताने थांबवले आणि ते अननसाकडे वळले.

शेवटची फोड संपल्यावर त्यांनी उरलेला रसही पिऊन टाकला. मग मोठा सुस्कारा सोडून ते म्हणाले, "संपलं. आता मला आणखी हवं. हा नीळकंठ करणार नाही, तो रागावलाय. भामे, तू देशील करून?"

"ती?" आई घाबरून म्हणाली. "वैद्यबुवा, तिला उभं राहवत नाही. मी देते ना करून, सांगा कसं करायचं."

"तुम्हाला नाही विचारलं, बाई. मी हिला विचारलं."

भामेने आईकडे पाहिले, मग त्या रिकाम्या बरण्यांकडे. "मला येत नाही," ती म्हणाली.

"मलाही येत नाही. येत असतं तर मागितलं असतं का?"

थोडा वेळ झोपाळ्याच्या कड्या करकरल्या. मग भामेने नीळकंठाला विचारले, "काय काय लागतं?"

नीळकंठाने सांगितले. काकड्या घरात होत्या. अननसही होता. भामा झोपाळ्यावरून उतरली, भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि पाटावर बसली. तिने केलेली पहिली फोड जाड झाली, दुसरी पातळ, तिसरी तिरपी. नीळकंठाचा हात आपोआप विळीकडे गेला. वैद्यबुवांनी त्याचे मनगट धरले. धरून ठेवले.

"तू फक्त तोंडाने सांग," ते पुटपुटले.

इतक्यात, भामा स्वयंपाकघरात बसली आहे ही बातमी चिंचेखाली पोचली आणि लगोऱ्या तिथेच टाकून मुले दारात गोळा झाली. "ए, काय करतेयस?" "आम्ही पण?" भामेने एकाला अननस दिला, एकीला आले किसायला बसवले आणि एकाला, तू फार बडबडतोस म्हणून, लिंबातल्या बिया काढायला लावले. तिचा आवाज चढला. रस गाळताना निम्मा जमिनीवर सांडला आणि त्यात कुणाचा तरी पाय पडून घरभर चिकट पावले उमटली. आत्या फडके घेऊन धावली, ती वैद्यबुवांच्या नजरेला नजर मिळताच परत फिरली.

"दालचिनीचा एक तुकडा," नीळकंठ म्हणाला.

"मला मिरी घालायची आहेत," भामा म्हणाली. "आमच्या बाबांकडे छान मिरी आहेत." आणि तिने बाबांच्या कोठारातून आलेली मिरी जाडसर कुटून मूठभर घातली.

नीळकंठाने ओठ घट्ट मिटून घेतले. गोड लोणच्यात मूठभर मिरी! त्याच्या मनगटावरची गुरूंची पकड अजून सैल झाली नव्हती.

"मिठाचं कसं कळणार?" भामेने विचारले.

"चाखून," नीळकंठ म्हणाला.

तिने बोट बुडवले आणि तोंडात घातले. आई पुढे वाकली, व्यापारी एक पाऊल पुढे आले. वैद्यबुवा एकदम मोठ्याने म्हणाले, "सगळ्यांनी तिकडे बघा! तो तिथे सरडा होता की काय?" सगळ्यांनी दचकून तिकडे पाहिले. तिथे काहीच नव्हते. तेवढ्या वेळात भामेने कपाळाला आठ्या घालून पुन्हा बोट चाखले, आणखी थोडे लिंबू पिळले, तिसऱ्यांदा चाखले आणि म्हणाली, "आता बरं आहे."

घरी परतताना नीळकंठ फणकाऱ्याने चार पावले पुढे चालत होता. वैद्यबुवा मागे रेंगाळत होते, पण त्याचे कारण निराळे होते. रात्र होण्याआधीच त्यांचे पोट दुखू लागले. नीळकंठाने रुसलेल्या चेहऱ्यानेच ओवा भाजला, गरम पाणी दिले आणि पाठीला उशी लावली. वैद्यबुवा कण्हत होते आणि मधूनच हसत होते.

तिकडे भामा बरणीला राखण करत होती. आईने ती उचलून फळीवर ठेवली तर भामेने पुन्हा खाली काढायला लावली. "ते वैद्य आजोबांचं आहे, कुणी हात लावायचा नाही," असे ती सगळ्यांना बजावत होती. लोणचे मुरले असे तिला वाटले तेव्हा तिने बाबांनाच निरोप द्यायला धाडले.

वैद्यबुवा आणि नीळकंठ गेले. मुलेही जमली होती. भामेने स्वतःच्या हाताने वाटीत फोडी वाढल्या आणि ती वाटी वैद्यबुवांपुढे धरली. मग अगदी जवळ बसून त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. त्यांनी तोंड उघडले की हिचेही उघडे. त्यांनी घास घेतला, आणि मिऱ्यांचा ठसका त्यांच्या थेट टाळूला गेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. ते खोकले, शिंकले, दाढी पुसली आणि म्हणाले, "वा! काय केलंयस गं!"

"तिखट झालं?"

"तूच बघ."

तिने एक तिरपी फोड उचलली आणि तोंडात टाकली. क्षणभर तिचे डोळे मोठे झाले. तिने ती चावली, गिळली. दुसरी घेतली. मुलांनीही बरणीत हात घातले आणि एकच हाय-हुश्श सुरू झाली. सगळी जण जिभा बाहेर काढून हातांनी वारा घालत होती आणि तरीही पुन्हा बरणीकडे वळत होती. भामेच्या नाकाला पाणी आले होते, गाल लाल झाले होते.

"आई," ती ओरडली, "फार झोंबतंय! भाकरी दे!"

आई जागची हललीच नाही. तिला वाटले, आपण ऐकले ते खरे नसावे.

"अगं दे ना लवकर! आणि लोणी पण!"

मग आई धावली. तव्यावरची तांदळाची भाकरी तिने तशीच आणली, तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला, आणि चमचा नाही, वाटी नाही, ती भाकरी सरळ मुलीच्या हातात दिली. भामेने मोठा तुकडा मोडला आणि दोन्ही गाल भरून ती बोलू लागली. काय बोलत होती ते कुणालाच कळत नव्हते. व्यापारी आपल्या कोठाराच्या दाराशी गेले आणि तिकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले.

परत येताना नदीकाठच्या वाटेवर नीळकंठाने अखेर विचारले, "गुरुजी, माझ्या लोणच्यात काय उणं होतं?"

"काहीही नाही."

"मग ते तिला का दिलं नाहीत? तिनं खाल्लं असतं."

"खाल्लं असतं. एक फोड. तुमच्या सगळ्यांच्या समाधानासाठी." वैद्यबुवा एका खडकावर टेकले. "नीळकंठा, तू त्या घरात त्या दिवशी काय पाहिलंस? एक वाटी, एक चमचा आणि तीन प्रेमळ माणसं. जो तो तिला काही ना काही देत होता. पोरीचा ताप गेला, पण तिचं घेणं काही संपेना. त्या घरात तिच्यावाचून कुणाचं काही अडतच नव्हतं. अशा माणसाला भूक कुठून लागणार? तुझ्या बरण्या तिला दिल्या असत्या तर आणखी एक देणारा वाढला असता, एवढंच. तुझं लोणचं इतकं पूर्ण होतं की त्यात तिच्यासाठी काही करायला उरलंच नव्हतं. मी तिच्याकडे मागितलं. मागितल्याबरोबर ती पायांवर उभी राहिली. दुसऱ्यासाठी मीठ बघताना तिची जीभ जागी झाली."

नीळकंठाने एक खडा उचलून वाहत्या पाण्यात टाकला. मग त्याने विचारले, "पण गुरुजी, तेवढ्यासाठी तीनही बरण्या संपवायला हव्या होत्या का?"

वैद्यबुवांनी दाढीवरून हात फिरवला. "नाही रे," ते म्हणाले. "एक पुरली असती. पण तू लोणचं फारच छान केलं होतंस."

नीळकंठ हसला. हसता हसता त्याच्या मनातले काहीतरी सैल झाले. आजवर आपण इतके चोख काम करत आलो की कुणाला मधे हात घालू दिला नाही, रुग्णाला तर नाहीच, हे त्याच्या ध्यानात आले. गुरूंनी एका शब्दानेही तसे म्हटले नव्हते. त्याने हात पुढे केला, वैद्यबुवा त्याचा आधार घेऊन खडकावरून उठले आणि दोघे वाटेला लागले.

पुढे नीळकंठ स्वतः त्या पंचक्रोशीत नावाजलेला वैद्य झाला. त्याची एक सवय लोकांना मोठी गमतीची वाटे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाकडे गेला की औषधाची पुडी देण्याआधी तो त्याच्याकडे काहीतरी मागे. एखाद्या म्हातारीला म्हणे, "आजी, माझ्या सदऱ्याचं बटण तुटलंय, लावून देता?" एखाद्या शेतकऱ्याला विचारी, "दादा, आमच्या परसातल्या वेलीला फळ धरत नाही, काय करू सांगा." लोक म्हणत, वैद्य चांगला आहे, जरा अडाणी आहे, त्याला साध्या साध्या गोष्टी येत नाहीत.

आपल्याही घरात असे एखादे माणूस असते, लहान, म्हातारे किंवा दुखण्यातून उठलेले. त्याला आपण फार मायेने भरवतो. त्याच्या हातचा एक घास आपणही कधी मागून घ्यावा.